थडग्याचा दगड अंगावर पडला तर जबाबदार कोण? आणि पुरलेला देह हलवायचा तर परवानगी कुणाची?

मे २०१५. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातली क्रेगटन दफनभूमी. काही मुलं तिथे खेळत होती. एका जुन्या कबरीवरचा उभा दगड कोसळला आणि त्याखाली सापडून आठ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला.

या मृत्यूची पुढे न्यायालयीन चौकशी झाली. स्कॉटलंडमध्ये अशी चौकशी शेरिफ करतात. शेरिफ म्हणजे तिथले न्यायाधीश, हॉलिवूडच्या सिनेमातले पिस्तूलवाले नव्हेत. चौकशीचा निष्कर्ष असा होता की दफनभूमी सांभाळणाऱ्या नगर परिषदेकडे दगडांची तपासणी करण्याची व्यवस्थाच नव्हती. ती असती तर हा मृत्यू टळू शकला असता. त्यानंतर २०१९ साली स्कॉटिश सरकारने सगळ्या स्थानिक संस्थांसाठी दफनभूमीतल्या दगडांच्या सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या.

पण असे दगड परिषदेने बसवलेले नसतात. ते कुणा कुटुंबाने आपल्या माणसाच्या आठवणीत बसवलेले असतात. मग दुसऱ्याच्या दगडाची जबाबदारी परिषदेवर कशी? आणि दगडाखालच्या देहाचं काय, तो कुणाच्या मालकीचा? हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण एकाच जागेवर उभे आहेत. ब्रिटनमध्ये त्यावर दीडशेहून जास्त वर्षं कायदे आणि खटले होत आले आहेत. स्कॉटलंडचा कायदा स्वतंत्र आहे, त्यामुळे इथून पुढे मुख्यतः इंग्लंडबद्दल.

जमीन एकाची, हक्क दुसऱ्याचा, दगड तिसऱ्याचा

इंग्लंडमध्ये सरकारी दफनभूमीत कबर ‘विकत घेतली’ असं लोक म्हणतात, पण जमीन कुणी विकत घेत नाही. मिळतो तो फक्त त्या जागेत दफन करण्याचा विशेष हक्क. १९७७ च्या स्थानिक दफनभूमी आदेशानुसार हा हक्क एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांसाठी देता येतो. मुंबईतल्या वाचकाला हे पटकन कळेल. इमारत सोसायटीची, पण खालची जमीन म्हाडाची आणि लीजवर, तसंच काहीसं.

कबरीवर दगड उभा करायला वेगळी परवानगी लागते. तो दगड ज्याने बसवला त्याच्या मालकीचा राहतो आणि त्याच्यानंतर वारसांकडे जातो. तडा गेला, कलला, अक्षरं पुसली गेली तर दुरुस्तीचा खर्च मालकाचा.

कागदावर हे ठीक आहे. पण ७० वर्षांपूर्वीच्या दगडाचा मालक शोधायचा कुठे? नोंदवहीत पत्ता असतो तो दफनाच्या दिवशीचा. मुलं दुसऱ्या शहरात गेलेली असतात, नातवंडं दुसऱ्या देशात. बऱ्याच जणांना आपण एका दगडाचे मालक आहोत हेच माहीत नसतं.

म्हणून सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने मालकीपासून वेगळी काढली आहे. १९५७ च्या जागाधारकांच्या दायित्वाच्या कायद्यानुसार जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिथे येणाऱ्यांच्या सुरक्षेची वाजवी काळजी घ्यायची असते. १९८४ च्या कायद्याने हे कर्तव्य काही अटींवर विनापरवानगी आत शिरलेल्यांपर्यंतही नेलं. ‘ते मूल आत यायलाच नको होतं’ एवढ्यावर सुटका होत नाही, ती यामुळे. शिवाय १९७४ चा आरोग्य व सुरक्षा कायदा आहेच. तो फक्त कर्मचाऱ्यांसाठी नाही, संस्थेच्या कामामुळे ज्यांना धोका पोहोचू शकतो त्या सगळ्यांसाठी आहे. दगड अलीकडे बसवला असेल आणि बसवण्यातच चूक असेल, तर बसवणारा कारागीरही अडकू शकतो.

थोडक्यात, दगड दुरुस्त करण्याचं कर्तव्य कुटुंबाचं, पण तो कुणाच्या अंगावर पडू न देण्याचं कर्तव्य दफनभूमी चालवणाऱ्याचं.

एवढे जड दगड पडतातच कसे?

जड आहेत म्हणूनच. तीन फूट उंच, दोन फूट रुंद आणि चार इंच जाड ग्रॅनाइटची पाटी घेतली तर तिचं वजन जवळपास १५० किलो भरतं. ही तर मध्यम आकाराची झाली.

जुन्या पद्धतीत एकसंध शिळेचा बराचसा भाग जमिनीत गाडलेला असायचा. अशी शिळा कलते, पण सहसा आडवी होत नाही. विसाव्या शतकात हिरवळीवर ओळीत छोटे दगड बसवण्याची पद्धत आली. खाली काँक्रीट, त्यावर बैठक, बैठकीवर उभी पाटी. अनेक ठिकाणी हे भाग नुसत्या सिमेंटच्या थराने चिकटवलेले होते. पावसाने, हिमाने तो थर सुटतो. खालची माती तर दफनासाठी खणून परत भरलेली असते, ती वर्षानुवर्षं खचत राहते. झाडांची मुळं उरलेलं काम करतात. वरून दगड ताठ दिसतो, पण आतला जोड निकामी झालेला असतो. आता ब्रिटिश मानकांनुसार पाटीतून बैठकीत धातूचा दांडा घालणं आणि जमिनीत पक्कं अँकर बसवणं अपेक्षित आहे. जुन्या लाखो दगडांना अर्थातच यातलं काही नाही.

पिवळ्या फितींचा वाद

२००० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या परिषदा घाबरल्या. मुलांच्या मृत्यूच्या बातम्या येत होत्या, विमा कंपन्या मागे लागल्या होत्या. दगडांवर यंत्राने ठराविक जोर लावून तपासणी सुरू झाली. जो हलला त्याला लाकडी खुंट्या ठोकून पट्ट्याने बांधायचं, पिवळी फीत गुंडाळायची किंवा सरळ आडवा करून ठेवायचा.

आईच्या कबरीवर फुलं ठेवायला जावं आणि दगड चिखलात पालथा पडलेला दिसावा, असा अनुभव अनेक कुटुंबांना आला. पत्र नाही, फोन नाही. तक्रारींचा ओघ इतका होता की स्थानिक प्रशासनाच्या लोकपालांनी २००६ मध्ये याच विषयावर विशेष अहवाल काढला. तपासणी कराच, पण आधी जाहीर सूचना द्या, मालकाला शोधण्याचा प्रयत्न करा आणि तातडीचा धोका नसेल तर दगड पाडू नका, असा त्याचा सूर होता. २००९ मध्ये न्याय मंत्रालयाने याच धर्तीवर सल्ला दिला. दगडामुळे जीव जाण्याचा धोका प्रत्यक्षात फार कमी आहे, त्यामुळे सरसकट यंत्रं लावण्यापेक्षा आधी डोळ्यांनी पाहा, मग हाताने हलवून बघा, आणि जिथे माणसांची वर्दळ आहे, दगड उंच आहेत, तिथून सुरुवात करा.

यातलं खरं शहाणपण म्हणजे नोंद ठेवणं. कोणता दगड कधी पाहिला, काय आढळलं, कुणाला कळवलं. कोर्टात परिषदेला वाचवते ती ही वही, आणि तिच्याअभावी परिषद अडकते.

चर्चच्या जुन्या आवारांचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे दफनं अधिकृतपणे बंद झाली की १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम २१५ नुसार चर्च देखभालीची जबाबदारी स्थानिक परिषदेकडे सोपवू शकतं. जमीन चर्चचीच राहते, कामाचं बिल करदात्यांकडे जातं. दफनभूमी खासगी कंपनीची असेल तर काय होतं, याचं उदाहरण एका भारतीय माणसाच्या समाधीतच सापडतं.

राजा राममोहन रॉय यांची दोन दफनं

राजा राममोहन रॉय यांचं २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनमध्ये निधन झालं. ज्या घरी ते पाहुणे होते त्याच घराच्या बागेत त्यांना पुरण्यात आलं. दहा वर्षांनी, १८४३ मध्ये, त्यांचे मित्र द्वारकानाथ टागोर यांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल दफनभूमीत हलवले गेले आणि त्यावर भारतीय पद्धतीची दगडी छत्री उभी राहिली. विल्यम प्रिन्सेप यांनी तिचा आराखडा केला होता.

आर्नोस व्हेल खासगी कंपनीच्या मालकीची होती. कबरी भरत गेल्या तशी नवी कमाई आटली. झाडोरा माजला, बांधकामं मोडकळीला आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर तिथे बांधकाम प्रकल्प होणार अशी चिन्हं होती. ब्रिस्टलच्या नागरिकांनी आंदोलन केलं आणि शेवटी २००३ मध्ये शहर परिषदेने दफनभूमी सक्तीने संपादित केली. आता तिचा कारभार एक ट्रस्ट पाहतो. रॉय यांच्या छत्रीची दुरुस्ती २००८ मध्ये झाली. खासगी दफनभूमीचा धंदा असा आहे की जागा संपली की उत्पन्न संपतं, जबाबदारी मात्र संपत नाही.

१८४३ मध्ये टागोरांना जे करता आलं, ते पंधरा वर्षांनंतर सरकारी परवान्याशिवाय करता आलं नसतं.

१८५७ चं कलम २५

त्या वर्षी इंग्लंडमध्ये दफन कायदा झाला. त्याच्या कलम २५ नुसार पुरलेले मानवी अवशेष परवानगीशिवाय हलवणं गुन्हा आहे. मूळ दंड होता १० पौंडांपर्यंत. सुधारणा होत होत हे कलम आजही लागू आहे.

परवानगी कुणाची, हे जमिनीवर ठरतं. चर्च ऑफ इंग्लंडने विधिपूर्वक पवित्र केलेली जमीन असेल तर चर्चच्या न्यायालयाची. इतर जमीन असेल तर न्याय मंत्रालयाचा परवाना. हिंदू, मुस्लिम किंवा धर्म न मानणाऱ्यांची दफनं बहुधा दुसऱ्या प्रकारात येतात.

कुटुंबाला थेट हक्क का नाही? कारण इंग्लिश कायद्यात मृतदेह कुणाच्या मालकीचा नसतो. १८८२ च्या विल्यम्स विरुद्ध विल्यम्स खटल्यात हे पक्कं झालं. नातेवाइकांना देहाचा ताबा मिळतो तो अंत्यसंस्कार करण्यापुरता. एकदा पुरलं की तो अधिकार संपतो. म्हणजे दगडाला मालक असतो, त्याखालच्या माणसाला नसतो.

चर्चची न्यायालयं या बाबतीत बरीच कडक आहेत. २००२ च्या ब्लॅगडन प्रकरणात एका वृद्ध जोडप्याला तरुणपणी अपघातात गेलेल्या मुलाचे अवशेष हलवायचे होते. कामानिमित्त सतत घरं बदलत राहिल्याने त्याची कबर दूर राहिली होती. आता आपल्याजवळ, कुटुंबाच्या एकाच कबरीत त्याला आणायचं होतं. चर्चच्या वरिष्ठ न्यायालयाने तत्त्व सांगितलं की ख्रिस्ती दफन हे कायमचं मानलं जातं, अपवाद केवळ असाधारण परिस्थितीत. नुसतं ‘आम्ही घर बदललं’ हे कारण पुरेसं नाही. पण कुटुंबाने एका कबरीत एकत्र येणं हे कारण मोलाचं आहे. जोडप्याला परवानगी मिळाली. तेव्हापासून असे अर्ज याच निकषांवर तपासले जातात.

इथे एक गोष्ट परदेशातल्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये दहनानंतरची रक्षा जमिनीत पुरली असेल तर तीही ‘मानवी अवशेष’ धरली जाते. तिथल्या स्मृतिउद्यानात वडिलांची रक्षा कलशासह पुरली आणि काही वर्षांनी वाटलं की नाशिकला गोदावरीत विसर्जन करावं, तर आधी परवाना किंवा चर्चची परवानगी लागते. पुरायच्या आधी निर्णय घेतला तर यातलं काहीच लागत नाही.

राजा आणि पार्किंग

परवाना म्हणजे किती मोठा अधिकार, हे २०१२ मध्ये दिसलं. लेस्टरमधल्या एका कार पार्कखाली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. १४८५ च्या लढाईत मारला गेलेला हा राजा. उत्खननाचा परवाना लेस्टर विद्यापीठाला मिळाला होता आणि अवशेष कुठे पुरायचे याचा निर्णयही त्यातूनच विद्यापीठाकडे आला. राजाच्या दूरच्या आप्तांच्या वंशजांनी स्थापन केलेल्या गटाचं म्हणणं होतं की यॉर्कमध्ये दफन व्हावं, निदान आमचं मत तरी घ्यावं. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. इतक्या दूरच्या वंशजांशी सल्लामसलत करण्याचं बंधन मंत्र्यांवर नाही, असं न्यायालय म्हणालं. मार्च २०१५ मध्ये राजा लेस्टर कॅथीड्रलमध्ये विसावला.

रेल्वे आली की नियम बदलतात

एका देहासाठी एवढी छाननी, मग हजारो देह एकदम हलवायचे असतील तर? त्यासाठी वेगळे कायदे आहेत. १८८४ च्या कायद्याने वापरात नसलेल्या दफनभूमीवर बांधकामाला बंदी घातली. १९८१ च्या दुरुस्तीने ती सैल केली, पण गेल्या ५० वर्षांत तिथे दफन झालं असेल आणि नातेवाइकाने हरकत घेतली तर बांधकाम करता येत नाही. मोठ्या प्रकल्पांसाठी तर संसद थेट खास कायदा करते आणि नेहमीचे नियम बाजूला ठेवते.

ही जुनी परंपरा आहे. १८६० च्या दशकात लंडनच्या सेंट पँक्रस चर्चच्या आवारातून रेल्वे नेताना कबरी हलवल्या गेल्या, तेव्हा देखरेखीला एक तरुण वास्तुविशारद होता, थॉमस हार्डी. पुढचा प्रसिद्ध कादंबरीकार. एका झाडाच्या बुंध्याभोवती दाटीवाटीने लावलेले थडग्यांचे दगड ‘हार्डी ट्री’ म्हणून इन्स्टाग्रामवर फिरायचे, ते तिथलेच. ते दगड हार्डीनेच लावले याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. झाड मात्र डिसेंबर २०२२ मध्ये पडलं.

अलीकडचं उदाहरण एचएस-२ या वेगवान रेल्वेचं. तिच्यासाठी २०१७ मध्ये केलेल्या कायद्यात दफनभूमींसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. लंडनच्या युस्टन स्टेशनशेजारचं सेंट जेम्स गार्डन्स हे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८५३ पर्यंत दफनांसाठी वापरलं गेलं होतं. पुरातत्त्वज्ञांनी तिथून हजारो सांगाडे काढले, नोंदवले आणि पुढे त्यांचं सरे परगण्यातल्या ब्रुकवुड दफनभूमीत पुनर्दफन झालं.

त्यातला एक सांगाडा जानेवारी २०१९ मध्ये ओळखू आला, शवपेटीवरच्या शिशाच्या पत्र्यावरून. तो होता मॅथ्यू फ्लिंडर्स, ऑस्ट्रेलियाला जहाजाने प्रदक्षिणा घालून ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव रूढ करणारा नाविक. त्याचा दगड एकोणिसाव्या शतकातच हलवला गेला होता आणि कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जुलै २०२४ मध्ये लिंकनशायरमधल्या डॉनिंग्टन या त्याच्या जन्मगावी त्याचं दफन झालं. बाकीच्यांचे पत्रे गंजले किंवा मुळात नव्हतेच, म्हणून ते ब्रुकवुडला एकत्र गेले.

इंग्लंडच्या विधी आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दफन आणि दहनाच्या कायद्यांवर सल्लामसलतीचा मसुदा काढला. जुन्या कबरींचा पुनर्वापर हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. लंडनमध्ये २००७ च्या कायद्याने ७५ वर्षांहून जुन्या कबरी काही अटींवर पुन्हा वापरता येतात, जुने अवशेष त्याच जागी अधिक खोल ठेवून. वसई किंवा गोव्याच्या वाचकाला यात धक्कादायक काही वाटणार नाही. जागा कमी असलेल्या ख्रिस्ती दफनभूमींत कबर काही वर्षांनी उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच.

भारतात काय?

इथे दोन्ही प्रश्नांची उत्तरं विखुरलेली आहेत. धोकादायक बांधकामाबाबत मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३५४ आहे. पडायला आलेल्या बांधकामाच्या मालकाला किंवा ताबेदाराला पालिका नोटीस देऊ शकते. पण हे कलम इमारती डोळ्यांसमोर ठेवून वापरलं जातं. जबाबदारीची चर्चा होते ती बहुतेकदा माणसं गेल्यावर. ३ जानेवारी २०२१ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादनगरच्या स्मशानभूमीत अंत्यविधीला आलेले लोक पावसामुळे छताखाली उभे होते. ते नवं छत कोसळलं आणि २० हून जास्त जणांचा मृत्यू झाला. ठेकेदार आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना अटक झाली, गुन्हे सदोष मनुष्यवधाचे दाखल झाले.

देह हलवण्याबाबत मुंबईत कलम ४४० आहे. पालिका आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय दफनभूमीतून देह उकरून काढता येत नाही, फौजदारी चौकशी किंवा दुसऱ्या कायद्याखालचा आदेश असेल तर वेगळं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं २९७, दफनस्थळी भावना दुखावण्याच्या हेतूने शिरण्याला किंवा प्रेताची विटंबना करण्याला एक वर्षापर्यंत कैद सांगतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार मॅजिस्ट्रेट मृत्यूचं कारण तपासण्यासाठी देह बाहेर काढायला लावू शकतात.

पण तपास नाही, गुन्हा नाही, फक्त आपला माणूस आपल्या गावी न्यायचा आहे, अशा कुटुंबाचं काय? हा प्रश्न २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. श्रीनगरच्या हैदरपोरा भागात नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या चकमकीत मारल्या गेलेल्या एका तरुणाचा देह प्रशासनाने दूर हंदवाड्याजवळ पुरला होता. त्याच चकमकीतले दोन देह उकरून कुटुंबांना परत दिले होते, मग आमचा का नाही, असं वडिलांचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी देह बाहेर काढण्याचा आदेश दिला, खंडपीठाने तो फिरवून कबरीपाशी धार्मिक विधी करण्याची मुभा आणि पाच लाखांची भरपाई दिली. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वडिलांचं अपील फेटाळलं. दफन झाल्यावर देह कायद्याच्या ताब्यात जातो, तो बाहेर काढून मागणं हा हक्क नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. रीतसर दफन झालेलं आहे आणि इतका काळ लोटला आहे, हेही त्यात धरलं गेलं. त्याच निकालात न्यायालयाने केंद्र सरकारला सुचवलं की देह उकरून काढण्याबाबत योग्य कायदा करण्याचा विचार व्हावा.